खाऱ्या वाऱ्यात डबल शॉकअपची उस्तवार

रत्नागिरीच्या रस्त्यावर दोन जातींच्या डबल शॉकअप सायकली दिसतात. एक दहा-पंधरा हजारांत मिळणारी, मधोमध लाल-पिवळी जाडजूड स्प्रिंग मिरवणारी, आठवी-नववीतल्या मुलाने हट्टाने घ्यायला लावलेली. दुसरी मुंबई-पुण्यातल्या कुणी हौसेने विकत घेतलेली, दोन-चार पावसाळे बाल्कनीत काढलेली आणि शेवटी निम्म्याहून कमी किमतीत विकलेली ट्रेक, जायंट, मेरिडा, स्कॉट किंवा पॉलिगॉन. पुढे एक शॉकअप, मागे एक शॉकअप, एवढंच दोघींमधलं साम्य. हा लेख मुख्यतः दुसरीबद्दल आहे. जुनी झालेली, कुरकुरणारी, पण फ्रेम शाबूत असलेली फुल सस्पेन्शन माउंटन बाइक रत्नागिरीत राहून पुन्हा उभी करायची, तर काय बदलावं, काय राखावं आणि कशावर पैसे घालू नयेत?

पहिलीचं आधी उरकून घेतो, कारण विचारणारे बहुतेक तिच्याबद्दलच विचारतात. तिच्या मागच्या स्प्रिंगवर ७५० किंवा १००० पौंड प्रति इंच असा आकडा छापलेला असतो. शाळकरी मुलाच्या वजनाने ती स्प्रिंग जेमतेम दबते, आणि दबली तरी तिला आवरणारं आत काही नसतं. खऱ्या शॉकअपमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळी तिथे मुरते. इथे नुसती स्प्रिंग, म्हणून खड्ड्यानंतर सायकल घोड्यासारखी उडते. मागचा सांगाडा जिथे हलतो तिथे बेअरिंग नसून नायलॉनचे बुश असतात, ते वर्षभरात सैल पडतात. अशा सायकलीला पंधरा हजारांचा एअर शॉक लावण्याचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नये. चाकाचे छर्रे बदलावेत, ग्रीस भरावं, ब्रेक नीट लावावेत आणि मुलाला चालवू द्यावी.

आता दुसरी. तिच्याबाबत माझं माप एकच आहे: लावलेली वस्तू बिघडली, तर ती रत्नागिरीत, फार तर आंबा घाट चढून कोल्हापुरात, दुरुस्त होईल का? वजन किती ग्रॅमने घटलं, परदेशातल्या चाचण्यांत किती गुण मिळाले, हे सगळं नंतर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा येतो, आणि जांभ्याची लाल धूळ ओली झाली की प्रत्येक फटीत शिरते. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या डोंगरांसाठी घडवलेलं यंत्र आपण इथे वापरतो. त्याला इथे खडकाहून ओलावा जास्त छळतो.

या यंत्राचा जन्मच मुळी ग्रीसच्या कटकटीतून झाला म्हटलं तरी चालेल. १९७६मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागली. उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. १९८९मध्ये रॉकशॉक्स कंपनी निघाली आणि पुढचा फोर्क दबू लागला. मागचं चाक दबवणं जास्त अवघड, कारण पायडल मारताना साखळीचा ताण मागच्या सांगाड्याला ओढतो आणि चढावर सायकल झोके घेते. यावर हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन माणसाने मागच्या धुरीच्या जरा पुढे, मागच्या सांगाड्याच्या खालच्या नळीवर, एक सांधा बसवण्याची युक्ती काढली. त्या ‘हॉर्स्ट लिंक’चं अमेरिकी पेटंट पुढे स्पेशलाइज्डने विकत घेतलं. ते २०१३मध्ये संपल्यावर ही रचना सर्रास झाली. याचा आपल्याशी संबंध इतकाच, की गेल्या पंधरा वर्षांतल्या कुठल्याही बऱ्या कंपनीची मागची रचना पुरेशी चांगली असते. जुन्या फ्रेमची भूमिती आजच्यापेक्षा आखूड आणि उभी, हे खरं. पण ती टाकून द्यायला तेवढं कारण पुरत नाही.

इथे एवढी सायकल लागतेच का, असाही प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. मांडवीच्या धक्क्यावर फिरायला किंवा भाट्याच्या पुलावरून पावसला जायला ती लागत नाही. पुढे शॉकअप आणि मागे ताठ असलेली सायकल हलकी पडते, उस्तवारीला सोपी जाते. आरे-वारेच्या किनारी रस्त्यालाही तेच. फुल सस्पेन्शनचं खरं काम दोन ठिकाणी. एक सडा: जांभ्याचं खडबडीत कातळ, वर सुटे दगड, मध्येच कापल्यासारख्या कडा. तासभर ताठ सायकलीवर सड्यावर फिरा, कंबर सांगेल. दुसरं म्हणजे पाखाडी. चिऱ्यांच्या पायऱ्यांची, गडग्यांच्या मधून वाडीत उतरणारी ही वाट सायकलस्वाराची खरी परीक्षा घेते, कारण पायऱ्यांची उंची कधीच सारखी नसते. तिथे मागचं चाक खाली बसत-उठत राहिलं तरच पकड टिकते. पाखाडीवरून म्हातारीकोतारी डोक्यावर भारा घेऊन येतात, याचं भान ठेवून उतरावं, हे वेगळं सांगायला नको. पण सांगितलेलं बरं.

जुनी सायकल हाती आली की सुटे भाग शोधायच्या आधी फ्रेम बघायची. धुवायची, पुसायची आणि उजेडात प्रत्येक वेल्डिंगजवळ बोट फिरवायचं. सीटची नळी आणि वरची नळी जुळतात तिथे, खालच्या नळीचा पुढचा भाग, मागच्या सांगाड्याचे सांधे आणि शॉक बसतो तो कान, एवढ्या जागा महत्त्वाच्या. रंगात केसाएवढी रेष दिसली तर नखाने खरवडून बघायचं: नुसता रंग तडकला आहे की खालचा धातू? धातू असेल तर तिथेच थांबायचं. ‘वेल्डिंग मारून देतो’ असं सांगणारे भेटतील. लोखंडी सायकलला ते चालतं. पण या फ्रेम बहुधा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या. त्यांना वेल्डिंगनंतर भट्टीत पाचशे अंशांच्या वर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद उष्णतेवर मुरवलेलं असतं. त्या अवस्थेला टी-६ म्हणतात. नुसतं वेल्डिंग मारलं की सांध्याजवळची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. फ्रेम दिसायला जोडलेली दिसेल, पण पाखाडीच्या मधल्या पायरीवर ती पुन्हा तुटेल.

फ्रेम शाबूत निघाली तर दुसरी तपासणी. सीट धरून सायकल हळूच वर उचलायची. चाक जमिनीवरून सुटण्याआधी सीट ‘टक’ करून थोडी वर आली, तर शॉकच्या बुशमध्ये प्ले आहे. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवायचं. हबमध्ये प्ले नसूनही हललं तर सांध्यांची बेअरिंग गेली. इथल्या सायकलीत ती बहुधा गेलेलीच असतात, आणि याच ठिकाणी पहिले पैसे घालावेत. लोकांना आधी नवा शॉक हवा असतो, कारण तो दिसतो. पण सांधा जाम असेल तर वीस हजारांचा शॉकही बारीक खड्ड्याला दाद देत नाही.

सांध्याच्या बेअरिंगचं दुखणं चाकाच्या बेअरिंगहून वेगळं. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं, त्यात ग्रीस सगळीकडे पोहोचतं. सांध्याचं बेअरिंग थोड्याच अंशांत मागे-पुढे होतं. छर्रे त्याच जागी आपटत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं, कड्याला खाचा पडतात, आणि मग त्या खाचांत पाणी बसतं. म्हणून या कामासाठी पिंजरा नसलेली, पूर्ण छर्ऱ्यांनी भरलेली बेअरिंग येतात. ती वेगाने फिरण्याला निरुपयोगी, पण भार जास्त पेलतात. ती मिळाली नाहीत तर साधीही चालतात, फक्त मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली, म्हणजे ‘टू-आरएस’ मागायची. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याच्या झाकणाची. ती धूळ अडवतात, पाणी नाही. नवं बेअरिंग आलं की सुईने सील अलगद उचलायचं आणि आत जाड, पाण्याला न विरघळणारं ग्रीस काठोकाठ भरायचं. कारखान्यातून ते थोडंच भरून येतं, कारण वेगाने फिरताना जास्त ग्रीस तापतं. आपलं फिरतच नाही, त्यामुळे ती भीती नाही.

यातली आनंदाची बाब अशी, की हे भाग सायकल कंपनीचे नसतातच. ६०००, ६००१, ६९००, ६८०२, ६९०२ हे आकडे जगभर सारखे. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि रुंदीला ७ मिलिमीटर, कुठल्याही देशात. एसकेएफचा चिंचवडचा कारखाना तर साठच्या दशकापासूनचा. ६००० मालिकेतलं बेअरिंग पाण्याच्या पंपात आणि मोटरसायकलीत असतं, त्यामुळे रत्नागिरीच्या बेअरिंगच्या दुकानात ते सापडण्याची शक्यता चांगली. ६८०० आणि ६९०० ही बारीक मालिका मात्र बहुधा कोल्हापूर-पुण्याहून मागवावी लागते. काढताना-बसवताना हातोडी वापरायची नाही. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि योग्य मापाची सॉकेट एवढ्यावर बेअरिंग दाबून बसतं. दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर बसवतानाच बेअरिंग मेलं.

या कामात रत्नागिरीला एक जमेची बाजू आहे, ती पुण्यातल्या सायकलवाल्यांनाही नाही. मिरकरवाड्याचं बंदर. ट्रॉलरच्या इंजिनाचं, शाफ्टचं आणि पंख्याचं काम करणाऱ्या लेथवाल्यांना खाऱ्या पाण्यात कुठला धातू कशाशी भांडतो, हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. शॉकच्या कानात बसणारा बुश, त्यातली पिन, बेअरिंग काढायचा दट्ट्या, अशा गोष्टी त्यांच्याकडून करून घेता येतात. नमुना आणि व्हर्नियरने घेतलेलं माप सोबत न्यायचं. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ यांतला फरकही त्यांना सांगावा लागत नाही. पण इथे एक खाच आहे. गंज नको म्हणून सायकलीचा प्रत्येक बोल्ट स्टेनलेसचा करावासा वाटतो. बाजारात मिळणारा ए४-७० स्टेनलेस बोल्ट साधारण सातशे मेगापास्कलला तुटतो, काळा १२.९ ग्रेडचा बाराशेच्या पुढे जातो. बाटलीच्या स्टँडला स्टेनलेस लावा, ब्रेकच्या नळीच्या क्लिपला लावा. शॉकचा आणि मुख्य सांध्याचा बोल्ट मात्र कंपनीने दिला त्याच ग्रेडचा ठेवा आणि ग्रीसखाली झाका. आणखी एक: ॲल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेस बोल्ट कोरडा घातला, की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं. मग बोल्ट निघत नाही, आटे निघतात. अँटी-सीझची एक डबी वर्षानुवर्षं पुरते.

शॉककडे वळू. तीन गोष्टी ठरवायच्या: माप, हवा की स्प्रिंग, आणि सर्व्हिस कुठे. माप म्हणजे दोन कानांमधलं अंतर आणि दट्ट्या किती आत जातो ते. जुन्या फ्रेमना १९० बाय ५१, २०० बाय ५७, २१६ बाय ६३ अशी, मुळात इंचांवरून आलेली मापं लागतात. २०१६पासून रॉकशॉक्सने २१० बाय ५०, २३० बाय ६५ अशी नवी मेट्रिक मापं आणली आणि नवा माल त्यातच येऊ लागला. दहा मिलिमीटर लांब शॉक ‘बसतो’ म्हणून बसवला, की मागचं चाक खाली जातं आणि हँडलचा कोन उभा होतो. जुन्या मापाचा चांगला शॉक हल्ली दुर्मीळ. म्हणून आहे तो राखणं हाच शहाणपणा.

राखायचं कसं? एअर शॉकचे दोन भाग. बाहेरचा हवेचा डबा, आणि आतला तेलाचा दांडा. डबा घरी उघडता येतो: आधी सगळी हवा काढायची, मग डबा हाताने फिरवून सोडायचा, जुनी सील काढायची, पुसायचं, नवा किट घालायचा, तेलाचे थेंब आणि ग्रीस. रॉकशॉक्स हे काम दर पन्नास तासांनी करायला सांगते. पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याने इथे त्याच्या निम्मे तास धरावेत. आतला दांडा मात्र घरी उघडायचा नाही. त्यात तेलाच्या मागे, तरंगत्या दट्ट्यापलीकडे, नायट्रोजन दोन-तीनशे पौंडांच्या दाबाने भरलेला असतो. पेट्रोलपंपावर गाडीच्या टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन इथे कामाचा नाही, कारण दाबच पोहोचत नाही; शिवाय भरायची सुई वेगळी. हे काम करणारी दुकानं मोठ्या शहरांतच आहेत. तेल बाहेर येत असेल, किंवा परत येताना ‘फच्च’ आवाज येऊन शॉक उसळत असेल, तर पार्सल करण्यावाचून इलाज नाही.

मग स्प्रिंगचा शॉक घ्यावा का? कोकणासाठी मला तो पटतो. सील कमी, घर्षण कमी, हवा निघून जाण्याची भीती नाही. वजन अर्धा किलो वाढतं, वाढू दे. पण स्प्रिंग वजनाप्रमाणे निवडावी लागते आणि ती चुकली की सगळं चुकलं. हिशेब अवघड नाही. समजा, सत्तर किलोचा माणूस, कपडे, पाणी आणि सायकलीचा वरचा भार धरून ऐंशी किलो. मागच्या चाकावर त्यातले साधारण पन्नास, म्हणजे एकशे दहा पौंड. चाक १४० मिलिमीटर हलतं आणि शॉक ५७ दबतो, म्हणजे पट अडीचच्या आसपास. शॉकवर भार दोनशे पंच्याहत्तर पौंड. नुसतं बसल्यावर शॉक तीस टक्के, म्हणजे सतरा मिलिमीटर किंवा दोन-तृतीयांश इंच दबायला हवा. भागाकार केला की चारशे पौंड प्रति इंच. लेखाच्या सुरुवातीची ७५० आणि १००० छापलेली स्प्रिंग किती निरर्थक, ते इथे कळतं. जुन्या काही फ्रेमची रचना मात्र शेवटी पुरेशी कडक होत नाही. तिथे स्प्रिंग खाड्कन तळाला लागते आणि एअर शॉकच बरा. आपली फ्रेम यांपैकी कुठली, हे विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

पुढच्या फोर्कचं दुखणं सोपं. स्वस्त फोर्कचे पाय क्रोम चढवलेल्या लोखंडाचे असतात. खाऱ्या हवेत क्रोमला टोचे पडतात, टोचे सील कापतात आणि आत पाणी जातं. असा फोर्क सुधारत नाही. ॲल्युमिनियमचे पाय असलेला बरा फोर्क असेल, तर खालचे डबे उतरवून तेल, वरची सील आणि तेल पिणारे फोमचे कडे बदलले की तो नव्यासारखा चालतो. शॉकमध्ये असतो तसा नायट्रोजन यात नाही, म्हणून हे काम शिकून घेण्यासारखं. नवा घ्यायचा झाला तर जुन्या फ्रेमच्या मानेत सरळ दांड्याचा फोर्क जातो आणि नवे बहुतेक खाली जाड होत जाणारे येतात. मान ४४ मिलिमीटरची असेल तर खाली बाहेरची वाटी लावून जाड दांडा घालता येतो. चौतीसची असेल तर विषय संपला. प्रवास वाढवायची हौस असेल, तर लक्षात असू द्यावं, की वीस मिलिमीटर लांब फोर्क हँडलचा कोन साधारण एक अंशाने झुकवतो. एक अंश उतारावर सुखाचा वाटतो. दोन अंशांनी मात्र चढावर पुढचं चाक भटकतं, आणि फ्रेमच्या मानेवर कंपनीने न धरलेला ताण येतो.

मापांचं हे जंगल हेच जुनी सायकल सुधारण्यातलं खरं खर्चाचं कारण आहे. मागची धुरी आधी १३५ मिलिमीटरची क्विक रिलीज, मग १४२ची आरपार, मग २०१४-१५पासून १४८ची बूस्ट. चाक २६ इंची, मग २९, मग मधलं साडेसत्तावीस. एका भागाची आधुनिक जात घेतली की तिला जुळणारे आणखी तीन घ्यावे लागतात, आणि मग नवी सायकलच का घेतली नाही, असं घरचे विचारतात. घरच्यांचं बरोबर असतं. फ्रेमने दिलेली मापं मान्य करायची आणि त्यातलं चांगलं शोधायचं. फ्रेमशी भांडायचं नाही.

चाकांत म्हणून रिम आणि हब जुनेच ठेवून तारा बदलाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा इथे एका पावसाळ्यात पांढऱ्या आणि दुसऱ्यात तांबड्या होतात. स्टेनलेसच्या तारा आणि पितळी निपल, एवढाच आग्रह धरायचा. रंगीत ॲल्युमिनियमची निपल दिसायला छान. खारटपणात ती रिमला चिकटतात आणि आऊट काढायला घेतलं की चुरा होतात. आऊट काढणारे जुने हात गावात अजून आहेत, त्यांच्याकडे जावं. टायरमध्ये पैसे घालावेत; सगळ्या खर्चात सर्वांत जास्त फरक टायरच पाडतं. जांभ्याची कड बाजूची भिंत कापते, म्हणून भिंत जाड हवी. ट्यूबलेस केलं तर करवंदीच्या आणि बोरीच्या काट्याचं भोक आपोआप बुजतं आणि हवा कमी ठेवता येते. आतलं लॅटेक्सचं द्रावण आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेवढं भरत राहायचं.

ब्रेकमध्ये माझ्या मापाची गंमत दिसते. शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा खनिज तेल वापरतात. ॲव्हिड आणि स्रॅमच्या जुन्या ब्रेकना डॉट ४ किंवा ५.१ लागतं. खनिज तेल पाणी शोषत नाही, म्हणून कोकणाला तेच योग्य, असं पुस्तकी उत्तर. डॉट हवेतला ओलावा पितं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, भिजल्यावर तो १५५वर येऊ शकतो, आणि आंबा घाट उतरताना लिव्हर हँडलला टेकते. पण डॉट ४ची बाटली कुठल्याही स्कूटर गॅरेजात मिळते, आणि सायकलीचं खनिज तेल इथे मागवावं लागतं. दोन्ही मतं खरी आहेत. मी शिमानोच्या बाजूने, कारण तेल मागवून ठेवता येतं, दमटपणा मागवून घालवता येत नाही. जे आहे त्यात दुसरं तेल मात्र चुकूनही घालू नये, सील फुगून ब्रेक जातो. सिलिकॉनचं डॉट ५ तर कशातच नको. पॅड धातूमिश्रित घ्यावेत. राळेचे पॅड लाल चिखलात पाहता पाहता झिजतात. १६० ऐवजी १८०ची डिस्क लावली तर तेवढ्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त ताकद मिळते, आणि खर्च एका डिस्कचा आणि अडॅप्टरचा. एवढ्या पैशात एवढा फायदा देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

गिअरवर सगळ्यात जास्त बोललं जातं. मी कमी बोलतो. पुढच्या तीन चकत्या काढून एक करायची आणि मागे मोठी कॅसेट, ही २०१२नंतरची चाल. चढ सोपा होतो म्हणतात. पुढे ३० आणि मागे ४६ म्हणजे गुणोत्तर ०.६५, जुन्या तीन चकत्यांत २२ आणि ३४ म्हणजेही ०.६५च. खाडीवरून सड्यावर चढताना पाय तेवढेच भरतात. फायदा आहे तो सुटसुटीतपणाचा: पुढचा डिरेलर गेला, त्याची केबल गेली, चिखल साचायची जागा गेली. मायक्रोशिफ्टचा नऊ गिअरचा अ‍ॅडव्हेंट जुन्या हबवर बसतो, त्यापलीकडे जायची मला गरज दिसत नाही. आधी साखळी मापून बघावी. ती वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते.

धुणं हा खर्च नाही, पण नुकसान इथेच होतं. मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने सायकल चकाचक होते आणि नव्या बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. रॉकेल-डिझेलने चेन धुतात ते ठीक, पण ते हबवर आणि सांध्यावर ओघळलं की ग्रीस धुऊन नेतं. आणि खोबरेल तेल! कोकणात ते केसांपासून बिजागरीपर्यंत चालतं, म्हणून चेनलाही लावतात. थंडीच्या सकाळी ते थिजतं आणि धुळीशी मिळून राब होतो. बादली, मऊ ब्रश, साबण, आणि समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी गोडं पाणी. पडवीत ठेवण्यापेक्षा आतल्या खोलीत ठेवावी, समुद्राकाठच्या घरात तर नक्कीच.

पैशांचा क्रम मग असा लागतो: सांध्यांची बेअरिंग, टायर, ब्रेक, तारा, फोर्कची सील, शॉकची सर्व्हिस, आणि सगळ्यात शेवटी, उरलेच तर, गिअर. सप्टेंबर २०२५मध्ये सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा थोडा हातभार. पण आयात मालाची किंमत करापलीकडेही चढी असते. फ्रेम तडकलेली, शॉकचं माप बाजारातून गेलेलं, आणि मागचा लिंकचा तुकडा कंपनीने बंद केलेला, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर सायकल भागांसाठी मोडावी. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या कुणाची त्यातून उभी राहते.

तयार झाली की ती सड्यावरच जाणार, म्हणून एक गोष्ट. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, रुंढे तळी, जिल्ह्यातल्या या सात ठिकाणची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण सड्यावर यादीत नसलेली, कुंपण नसलेली चित्रंही कितीतरी आहेत, आणि ती जमिनीवरच, सपाट कातळात कोरलेली आहेत. जाड टायर आणि मागे दबणारं चाक घेऊन मोकळ्या कातळावरून उधळायला मजा येते. तरी मळलेली वाट सोडू नये, आणि चित्र दिसलं की सायकल उचलून बाजूने न्यावी. पावसानंतर सड्यावर उगवणाऱ्या इवल्या फुलांच्या बाबतीतही तेच.

वेळापत्रक पावसावरून लावावं. बेअरिंग आणि तारांचं काम नवरात्रानंतर घ्यावं, कोरड्या हवेत. पहिल्या ढगांबरोबर, जूनच्या सुरुवातीला, शॉक काढून सर्व्हिसला पाठवावा: सायकल तशीही आता आत उभी राहणार असते. पाठवण्याआधी किती पौंड हवा ठेवली होती आणि रिबाउंडचा स्क्रू किती टिचक्यांवर होता, ते कागदावर लिहून घ्यावं. डब्यातली हवा पूर्ण काढावी, बुश आणि पिना घरी ठेवून नुसता शॉक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा, आणि सोबत आपलं वजन व सायकलीचं मॉडेल लिहिलेली चिठ्ठी घालावी. फ्रेमच्या कानांत लाकडाची मापाची पट्टी बोल्टने अडकवली, की शॉक परत येईपर्यंत मागचा सांगाडा लोंबत नाही आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवता येते.